लाल डबीतल्या अपा

जमीन थांबली तेव्हा बार्शिन खाली आवारात होती, घसरगुंडीजवळ, आणि तिच्या पायात नवऱ्याचे रबरी बूट होते, तेही उलटे, डाव्यात उजवा. घोट्यापर्यंत बर्फ. अंगावर घरातला झगा, डोक्याला काही नाही. सगळी इमारत खाली उतरली होती. कुणी रजई गुंडाळलेली, कुणाच्या अर्ध्या गालाला साबण, कुणाच्या काखेत मांजर. सगळे एकदम बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. अल्माटीत हे काही नवं नाही. मधूनमधून जमीन कूस बदलते, लोक खाली येतात, डोंगरांकडे बघून दोन शिव्या घालतात आणि चहा गार झाला म्हणत परत वर जातात. पण आज कुणी वर जात नव्हतं. जिन्याच्या भिंतीला तडा गेलाय, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळीकडे पसरलं. दिवे गेले होते. तिसऱ्या मजल्यावरची पाश्शाखान गर्दीतून वाट काढत आली. उईघुर बाई, तोंडानं फटकळ, पण जिवाला जीव देणारी. "अगं बाई, केस उघडे टाकून आलीस? मरायचंय का थंडीनं?" म्हणत तिनं आपलीच शाल बार्शिनच्या डोक्यावर टाकली. मग तिनं बार्शिनच्या मागे बघितलं, बाजूला बघितलं, आणि आवाज उतरवून विचारलं, "अपा कुठायत?"

बार्शिननं मूठ उघडून बघितली. का बघितली, देव जाणे. सासू काय मुठीत मावणार होती? मुठीत लाल डबी होती, काडेपेटीहून थोडी मोठी, झाकणाला रबर लावलेली. तिच्या कडा तळव्यात इतक्या रुतल्या होत्या की दोन लाल रेघा उठल्या होत्या. ती त्या रेघांकडे बघत राहिली. आपण हे घेऊन खाली आलो. चौथ्या मजल्यावरून, एवढे जिने उतरून, हे घेऊन. स्वयंपाकघरात ती दूध तापवत होती, हे आठवत होतं. वरचा दिवा आधी झुलला, मग कपाटातले पेले एकमेकांवर किणकिणायला लागले, मग खालून ट्रक गेल्यासारखा आवाज, आणि मग काहीच आठवत नव्हतं, फक्त हात आठवत होता. हात दाराजवळच्या फळीवर गेला होता. तिथे दोन गोष्टी असतात. खाली जमिनीवर तातडीची पिशवी, जी या शहरात प्रत्येक दाराशी असते, आणि वर लाल डबी. हात वर गेला. पिशवीकडेसुद्धा गेला नाही. आणि मागच्या खोलीकडे, जिथे अपा खिडकीशी बसून जपमाळ ओढत होत्या, तिकडे तर डोकंसुद्धा वळलं नाही. दार तिनं बाहेर पडताना ओढून घेतलं होतं. तो लोखंडी दरवाजा धाडकन लागल्याचा आवाज आता तिच्या कानात पुन्हा झाला. किल्ली आत होती.

दूध उतू गेलं असेल, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली.

तो हात तिनंच तयार केला होता, दुसऱ्या कुणी नाही. डायलिसिस केंद्रात ती रुग्णांच्या नोंदी सांभाळायची, आणि केंद्र पडलं-झडलं, जळलं, बुडलं तरी दुसऱ्या दिवशी काम कसं चालू ठेवायचं याचा आराखडा करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. संचालक येर्बोल तिला 'भूकंपमावशी' म्हणायचा. म्हणू दे. सगळी कपाटं उपसून तिनं कागदांचे तीन ढीग केले होते. जे गेले तरी कुणी रडणार नाही असे. जे गेले तर पुन्हा तयार करता येतील असे. आणि जे गेले तर माणूस जाईल असे. तिसरा ढीग सगळ्यात लहान निघाला. करार नाहीत, हिशेब नाहीत, मंत्रालयाची पत्रं नाहीत, फक्त रुग्णांची कार्डं. कुणाचं कोरडं वजन किती, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर काटा कुठे थांबायला हवा. कुणाला रक्त पातळ करायचं औषध किती. कुणाची मशीनला जोडायची शीर कुठल्या हातात, कुणाला कशाची रिअ‍ॅक्शन येते. या माणसांना आठवड्यातून तीनदा मशीन लागतं. दोन खेपा चुकल्या की अंगात पाणी चढतं, श्वास कोंडतो. केंद्र कोसळलं तर त्यांना कोनायेवला, ताराझला, मिळेल तिथे पाठवावं लागेल, आणि तिथल्या परक्या डॉक्टरच्या हातात ते कार्ड नसेल तर तो अंदाजानं सुई लावणार. म्हणून एक प्रत केंद्रात, एक प्रत दुसऱ्या शहरात, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, या लाल डबीत, जी आळीपाळीनं कर्मचाऱ्यांपैकी एकेकाच्या घरी जाते. हा आठवडा बार्शिनचा. कवायतीत तिनं सगळ्यांना घोकून घेतलं होतं, 'विचार करायचा नाही, हात आधी डबीवर गेला पाहिजे.' आराखड्याच्या पहिल्याच पानावर तिनं स्वतः टाइप केलं होतं: आधी माणसं, मग नोंदी. येर्बोलनं वाचून म्हटलं होतं, "हे काय लिहायला पाहिजे का, मावशी? हे कुणालाही कळतं." कळतं रे बाबा, कळतं. हाताला कळायला हवं होतं.

"अगं, बोल ना! वरच आहेत का त्या?" पाश्शाखान तिला हलवत होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अपा या डबीत होत्या. त्यांचंही कार्ड होतं, दोन वर्षांपासून त्या त्याच केंद्रात मशीनवर होत्या. म्हणजे बार्शिननं सासूचं वजन, सासूची शीर, सासूचं औषध, सगळं सांभाळून खाली आणलं होतं, आणि सासूला वर ठेवलं होतं. आणि त्या कार्डावरही त्या धड नव्हत्या. ती गोष्ट आता तिला आठवायला नको होती, म्हणूनच आठवली. डबीतली प्रत करायची ठरली तेव्हा बार्शिननं एकेक कार्ड मोठ्यानं वाचलं होतं आणि कार्यालयातल्या पोरीनं, एंलिकनं, टाइप केलं होतं. सासूचं कार्ड आलं तेव्हा बार्शिनच्या तोंडून आपसूक गेलं, 'आमच्या अपा.' एंलिक नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, तिनं नावाच्या जागी तेच टाइप केलं. शरद ऋतूत कवायत झाली, प्रत कोनायेवच्या केंद्रात उघडली, आणि तिथून फोन आला, "बाकी सगळं ठीक आहे हो, पण ही 'आमच्या अपा' नावाची रुग्ण कोण? आमच्या अपा तर घरीच आहेत, मघाशीच त्यांनी भाजी आणायला सांगितलंय." केंद्रात हसून हसून पुरेवाट झाली. बार्शिनही हसली. दुरुस्त करते म्हणाली. मग राहून गेलं. राहून गेलं हेही खरं नाही. दुरुस्त करायचं म्हणजे एंलिकसमोर ते नाव घ्यायचं, आणि ते नाव तिनं लग्न झाल्यापासून एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

कझाख घरात सून सासरच्या मोठ्यांचं नाव घेत नाही. शहरातल्या पोरी आता घेतात, आणि अपांनी कधी सक्ती केली नव्हती. उलट त्या चेष्टाच करायच्या. त्यांच्या थोरल्या दिरांचं नाव बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. अपा सांगायच्या, "अख्खा हिवाळा मी लाकडं 'त्या तोडणाऱ्यानं' फोडली. एकदा जाऊबाई म्हणाली, तोडणारं आण, तर मी धावत जाऊन दिरांनाच बोलावून आणलं!" असं सांगून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. पण बार्शिनला आईनं सासरी पाठवताना कानात सांगितलं होतं आणि ते तिच्यात बसून गेलं होतं. त्यातून सासूचं नावच असं की चालताबोलता जिभेवर येणारं. अपांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. ही जन्मली तेव्हा बापानं नाव ठेवलं तुर्सिन. म्हणजे राहू दे. हिला तरी राहू दे. आणि हा शब्द माणसाला दिवसातून किती वेळा लागतो! चहा राहू दे, दार उघडं राहू दे. बार्शिन 'असू दे' म्हणायची. केंद्रात कागदांचे ढीग करतानासुद्धा ती ठेवायच्या कागदांवर बोट ठेवून 'हे असू दे' म्हणायची, आणि येर्बोल म्हणायचा, "मावशी, तुमच्या कझाख भाषेतला एक शब्द हरवलाय, त्याचीही प्रत ठेवली होती की नाही?"

"बार्शिन!" या वेळी हाक गालिना पेत्रोव्नांची होती. इमारतीच्या अध्यक्ष. जिन्याच्या दाराशी त्या आडव्या उभ्या होत्या, फरची टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. त्यांच्या मागे कुणाला सोडतील तर शपथ. "चौथ्या मजल्यावर कोण राहिलंय?"

"अपा."

"कुठल्या अपा?"

"आमच्या अपा."

गालिना पेत्रोव्नांनी पेन खाली केलं. "हे बघ, प्रत्येक म्हातारीला अपाच म्हणतात, या इमारतीत पंधरा अपा आहेत. पलीकडच्या इमारतीत आणखी. बचाव पथकाची पोरं निघालीत, ती जिन्यात उभी राहून नावानं हाक मारणार. घाबरलेलं म्हातारं माणूस स्वतःच्या नावालाच ओ देतं, कळलं? नाव सांग."

बार्शिननं तोंड उघडलं. शब्द तिथेच होता, जिभेच्या मागे, पण तो पुढे सरकेना. तिला स्वतःचाच राग आला. इथे भिंतीला तडा गेलाय, वर एक म्हातारी एकटी आहे, पुन्हा हललं तर काय होईल सांगता येत नाही, आणि मी काय नव्या नवरीसारखी लाजत उभी आहे? "अगं सांग ना!" पाश्शाखान ओरडली. "तुझी सासू काय फरमान काढून बसलीय का? हिला काय झालंय कुणास ठाऊक. मला तरी सांग! इतकी वर्षं शेजार करतेय, मलासुद्धा त्यांचं नाव माहीत नाही!" आणि ते खरंच होतं. आवारात कुणालाच माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, कुणाला नाही, सगळ्यांच्या त्या अपा. नवऱ्याला माहीत होतं, तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर, महिना संपल्यावर येणार. नाव असं या आवारात फक्त बार्शिनपाशी होतं, त्याची दुसरी प्रत इथे नव्हती, आणि ती ते अडवून उभी होती. तिनं गालिना पेत्रोव्नांच्या कोपराखालून डोकं घातलं आणि आत घुसली. मागून "अगं थांब! वेडी झालीस का!" ऐकू आलं, पण ते लांबून, दुसऱ्या कुणाला तरी म्हटल्यासारखं.

जिन्यात अंधार होता आणि चुन्याचा वास होता. पायाखाली गिलावा चुरचुरत होता. बूट उलटे असल्यामुळे प्रत्येक पायरीला पाय वाकडा पडत होता, आणि तिला वाटत होतं, बरोबर आहे, असंच व्हायला पाहिजे. अपांना काय वाटलं असेल? त्या हाका मारत असतील का? सूनबाई, सूनबाई? की त्यांनी दार लागल्याचा आवाज ऐकला असेल? म्हाताऱ्या माणसाला नेमकं तेवढंच ऐकू येतं. मशीनच्या दिवशी त्या बार्शिनचं बोट धरून बसायच्या, चार तास, आणि नर्सला सांगायच्या, "ही माझी सून नाही, हे माझं दुसरं मूत्रपिंड आहे." तेव्हा बार्शिन लटकं रागावायची. दुसरं मूत्रपिंड खाली पळालं, अपा. पहिल्यासारखंच.

चौथा मजला. घंटा दाबली, वीज नाही. तिनं दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "अपा! अपा, मी आहे! दार उघडा!" आत काही नाही. ती पुन्हा ओरडली, पण धावून आल्यानं आवाज भलताच जाड, घोगरा निघत होता. आत काहीतरी सरकलं. म्हणजे आहेत. उभ्या आहेत. दाराच्या आतच उभ्या आहेत. मग उघडत का नाहीत? आणि मग तिला कळलं का उघडत नाहीत, आणि तिनं कपाळ त्या गार लोखंडावर टेकलं. तिनंच शिकवलं होतं. गेल्या वर्षी शहरात भामट्यांची साथ आली होती, गॅस तपासायला आलो म्हणून म्हाताऱ्यांना लुटायचे. तेव्हा तिनं अपांना समोर बसवून पढवलं होतं, 'मी नसताना कुणीही, कितीही गोड 'अपा, अपा' केलं तरी उघडायचं नाही. जगात सगळेच अपा म्हणतात. मी असले तर माझ्याकडे किल्ली असते, मी हाक मारणार नाही.' आणि अपा, ज्या डॉक्टरचं एक ऐकत नाहीत, मिठाचं ऐकत नाहीत, पाण्याचं ऐकत नाहीत, त्यांनी हे मात्र ऐकलं होतं. "अपा, अहो मी बार्शिन!" आतून एक बारीक, ठाम आवाज आला, "सून घरात नाही. जा." आणि खाली कुठेतरी काच फुटली, भिंत पुन्हा थोडीशी हलली, अगदी थोडी, आणि बार्शिनच्या जिभेमागे अडलेला शब्द एकदम बाहेर पडला.

"तुर्सिन!"

जिन्यात तो शब्द खालपर्यंत गेला. आत सगळं थांबलं. "तुर्सिन! तुर्सिन, दार उघड!" ती अरेतुरे करतेय हेही तिच्या लक्षात आलं नाही. आणि आतून जो आवाज आला तो म्हाताऱ्या बाईचा नव्हता. तो कुरणात लांब गेलेल्या पोरीचा होता, हाक ऐकून धावत निघालेल्या. "आले गं, आई, आले!"

कडी सरकली. अपा दारात उभ्या होत्या, डोक्याला पांढरं वस्त्र नीट बांधलेलं, थोरल्या प्रवासाला निघतात तसा मखमली कोट चढवलेला, आणि खांद्याला तातडीची पिशवी. त्यांनी बार्शिनकडे बघितलं, तिच्या मागे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. काही वेळ त्यांना ओळखच पटेना, की ज्या हाकेला त्या आल्या ती हाक या तोंडातून निघाली. मग चेहरा परत म्हातारा झाला. "तू होय," त्या म्हणाल्या. बार्शिन तिथेच उंबऱ्यात खाली बसली आणि रडायला लागली, लहान पोरासारखी, नाक पुसत. "मी तुम्हाला टाकून गेले, अपा. मी पळून गेले. हे घेऊन." तिनं डबी दाखवली. अपांनी ती हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली.

"यात काय आहे?"

"तुम्ही आहात," बार्शिन म्हणाली. "आणि बाकीचे सगळे."

"मग बाहेर नेलंस की मला," अपा म्हणाल्या. त्या थट्टा करतायत की काय ते बार्शिनला समजेना. "ऊठ. थंड फरशीवर बसू नये बाईमाणसानं. दूध मी बंद केलंय." पिशवी त्यांच्या खांद्यावरून घ्यायला बार्शिननं हात घातला तर ती भलतीच हलकी. तिनं स्वतः भरलेल्या फायली, ओळखपत्रं, पाण्याची बाटली, काहीच नव्हतं. आत घडी केलेलं पांढरं कापड होतं, शेवटच्या दिवसासाठी जपलेलं, मयतीला येणाऱ्या बायांना द्यायचे रुमाल होते, आणि कागदात बांधलेला कुर्त, ते खारट वाळलेलं दही, जे डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. "हे काय, अपा? कागद कुठायत?" "कागद काय, सरकार परत छापून देईल. हे कापड मी माझ्या हातानं शिवलंय. मी गेल्यावर तुम्ही पोरं बाजारात धावत सुटाल, त्यापेक्षा असलेलं बरं." "आणि कुर्त?" "तो वाटेत लागतो," अपा म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

त्या एकेक पायरी उतरत होत्या, अपांचा हात तिच्या दंडावर, त्या हातातली सुईची शीर नेहमीसारखी घुमत होती, मशीनसारखीच. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबल्या तेव्हा अपा म्हणाल्या, "गावी एकदा अशीच जमीन हलली होती. मी समोवार घेऊन पळाले. निखाऱ्यांसकट. अंगणात जाऊन बघते तर तुझा नवरा पाळण्यातच. सासूबाईंनी आणला बाहेर. त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, चहा तरी ओत आता." बार्शिननं त्यांच्याकडे बघितलं. नवरा शहरातल्या प्रसूतिगृहात जन्मलेला, आणि पाळण्यात असताना हे लोक गावी होते असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. खरं घडलेलं, की या जिन्यात, तिच्यासाठी, आत्ता रचलेलं? विचारायला कुणी उरलं नव्हतं. सासूबाईंच्या सासूबाई नव्हत्या, समोवार मोडीत गेला होता. याची नोंद कुठल्याच ढिगात नव्हती, आणि तिनं ठरवलं, तपासायची नाही. "निखाऱ्यांसकट?" तिनं विचारलं. "निखाऱ्यांसकट," अपा म्हणाल्या. "हात भाजला ना माझा."

खाली उजेड डोळ्यांवर आला. बचाव पथकाची गाडी नुकतीच वळत होती. पाश्शाखान तोंडावर हात ठेवून रडत आणि बडबडत पुढे आली, "आल्या गं बाई, आल्या एकदाच्या, काय जीव घेता का माझा!" आणि तिनं दोघींना मिळून एकच मिठी मारली. गालिना पेत्रोव्ना मात्र जागच्या हलल्या नाहीत. रागानं त्यांचं नाक लाल झालं होतं. बार्शिनकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं की पुढचे सहा महिने बैठकीत तिचं काही खरं नव्हतं. मग त्यांनी बोटाला ऊब देऊन पेन कागदावर टेकवलं. "चौथा मजला. सापडल्या, असं लिहायचंय. नाव?"

बार्शिननं पेनाच्या टोकाकडे बघितलं. जिन्यातली गोष्ट वेगळी, तिथे अंधार होता. इथे सगळी इमारत उभी होती, आणि सासू शेजारीच, तिच्या दंडाला धरून. अपांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी डोक्यावरचं पांढरं वस्त्र कानावरून जरा खाली ओढलं आणि मान वळवून डोंगरांकडे बघत राहिल्या, ऐकू न येणाऱ्या म्हातारीसारख्या. त्यांचा हात मात्र तिच्या दंडावर दोनदा दाबला गेला.

"तुर्सिन," बार्शिन म्हणाली. "लिहा. तुर्सिन."